व्यवसायजन्य रोग आणि काळाचे अंतर : घाटकोपर येथील ॲस्बेस्टॉस-कामगारांचे उदाहरण

कामाच्या परिस्थितीचा कामगाराच्या प्रकृतीवर परिणाम होतो, या विधानाविषयी सहसा कोणाचा मतभेद नसतो. मतभेद उत्पन्न होतो तो पुढच्या पायरीवर, म्हणजे विशिष्ट कामगाराला जडलेला विशिष्ट रोग विशिष्ट कामामुळेच झाला किंवा काय, हे ठरविताना. यंत्रात सापडून कामगाराचे बोट तुटले, तर कारण व कार्य ही दोन्ही एकाच क्षणी, एकाच जागी आणि चारचौघांच्या देखत घडतात. त्यामुळे अपघाताची जबाबदारी निश्चित करणे तुलनेने सोपे असते. परंतु धूलिकणांमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या रोगांत कारण आणि कार्य यांच्यामध्ये पंधरा, वीस किंवा तीस वर्षांचाही काळ लोटतो. तेवढ्या अवधीत कामगार निवृत्त होतो, कारखान्याची मालकी बदलते, क्वचित कारखानाच नाहीसा होतो. हे काळाचे अंतर केवळ वैद्यकशास्त्राचा विषय नव्हे. कायदा, कारभार आणि सामाजिक संशोधन या तिन्ही क्षेत्रांपुढील तो प्रश्न आहे. मुंबईच्या उपनगरातील ॲस्बेस्टॉस-कामगारांच्या उदाहरणावरून त्याचे स्वरूप स्पष्ट होण्यासारखे आहे.

बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. जुन्या शहरातील गिरणगावात उद्योगांच्या वाढीस जागा उरली नव्हती. उपनगरांत ती विपुल होती. कुर्ल्यापासून घाटकोपर, विक्रोळी व भांडुप या मार्गाने मुलुंडकडे जाणाऱ्या आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लाल बहादुर शास्त्री मार्गाच्या, दोन्ही अंगांना अभियांत्रिकी, औषधे, रसायने, रबर इत्यादींचे कारखाने उभे राहिले. घाटकोपर येथील हिंदुस्थान फेरोडो हा त्यांपैकीच एक. टर्नर अँड न्यूऑल या ब्रिटिश कंपनीशी संलग्न असलेल्या या कारखान्यात ॲस्बेस्टॉसचा उपयोग करून मोटारींची ब्रेक लायनिंग व तत्सम माल तयार होत असे. मोटारउद्योगाच्या वाढीबरोबर अशा मालाची मागणी वाढली आणि त्यातून अनेक कुटुंबांना कायम नोकरीची शाश्वती लाभली. ही शाश्वतीच कामगाराला एकाच खात्यात वीस-पंचवीस वर्षे टिकवून ठेवीत असे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

ॲस्बेस्टॉस हे खनिज तंतुमय असून ते जळत नाही, सहजासहजी झिजत नाही व कापसाप्रमाणे पिंजता-विणता येते. ज्या गुणांमुळे ते उद्योगास उपयुक्त ठरले, त्याच गुणांमुळे ते शरीरास घातक ठरते. पोती फोडणे, पिंजणे, मिसळणे, कापणे व घासणे या क्रियांत त्याचे अतिसूक्ष्म तंतू हवेत पसरतात. त्यांपैकी जे फार बारीक असतात ते श्वासाबरोबर फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोचतात. तेथील भक्षक पेशी बाह्य कणांना गिळून टाकण्याचे कार्य करतात. परंतु लांब तंतू त्यांना पुरता गिळता येत नाही आणि तो विरघळतही नाही. या निष्फळ प्रयत्नात पेशी नष्ट होतात, दाह उत्पन्न होतो आणि दाहाच्या जागी हळूहळू व्रणासारखी कठीण ऊती तयार होते. वायुकोशांच्या भिंती जाड झाल्यामुळे प्राणवायू रक्तात शिरणे कठीण होते. आरंभी रेल्वेचा पूल चढताना लागणारी धाप पुढे सपाट रस्त्यावरही लागू लागते. या विकारास ॲस्बेस्टॉसिस असे नाव आहे. त्याचे दोन विशेष ध्यानात ठेवले पाहिजेत. पहिला असा, की धुळीशी संबंध सुटल्यानंतरही रोग वाढत राहू शकतो, आणि झालेली हानी भरून काढणारे औषध नाही. दुसरा असा, की सर्वांत घातक तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून खात्यातील हवा स्वच्छ दिसते एवढ्यावरून ती निर्धोक आहे असे अनुमान काढता येत नाही.

हे ज्ञान अलीकडचे नाही. डब्ल्यू. ई. कुक या ब्रिटिश डॉक्टरने १९२४ मध्ये एका मृत कामगार स्त्रीच्या फुप्फुसांतील ॲस्बेस्टॉसजन्य तंतुमयतेचे वर्णन प्रसिद्ध केले. ही स्त्री रॉचडेल येथील टर्नर समूहाच्या कारखान्यात कामास होती. मेरेवेदर व प्राइस यांनी ब्रिटिश सरकारसाठी केलेल्या व १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याच्या फुप्फुसांत हा विकार आढळला, आणि १९३१ मध्ये तेथे धूळनियंत्रणाचे नियम करण्यात आले. रिचर्ड डॉल यांनी १९५५ मध्ये, रॉचडेलच्याच कामगारांच्या अभ्यासावरून, ॲस्बेस्टॉस व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये फुप्फुसावरणाच्या मेसोथेलिओमा या कर्करोगाशी त्याचा संबंध जोडला. आणि लंडनमधील न्यूहाउस व टॉमसन यांच्या १९६५ च्या अभ्यासाने असे दाखविले, की कारखान्यात पाऊलही न टाकलेल्या, परंतु कामगाराच्या घरात किंवा कारखान्याच्या शेजारी राहणाऱ्या व्यक्तींनाही हा कर्करोग होऊ शकतो. तात्पर्य, घाटकोपरच्या कामगारांची एक संपूर्ण पिढी ज्या काळात या व्यवसायात राबली, त्या काळात त्याचे धोके विज्ञानास ज्ञात होते, आणि त्यांतील काही महत्त्वाचे पुरावे मूळ ब्रिटिश कंपनीच्याच कारखान्यांतून मिळालेले होते.

असे असूनही मुंबईतील कामगारांच्या पद्धतशीर तपासणीस बराच काळ जावा लागला. डॉ. व्ही. मुरलीधर व विजय कान्हेरे यांनी मुंबईतील ॲस्बेस्टॉस-संमिश्र मालाच्या एका कारखान्यातील कामगारांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध केले. प्रत्येक कामगाराची मुलाखत, शारीरिक तपासणी, श्वसनक्षमतेचे मापन आणि छातीची क्ष-किरण तपासणी अशी तिची पद्धती होती. तपासलेल्या १८१ कामगारांपैकी दर पाचांत एकाहून थोड्या अधिक व्यक्तींना ॲस्बेस्टॉसिस झाल्याचे आढळले. हे प्रमाण १९३० च्या ब्रिटिश पाहणीतील प्रमाणाच्या जवळपास जाते. दोन्ही पाहण्यांची निदानाची साधने व कसोट्या भिन्न असल्यामुळे ही तुलना शब्दशः घेणे योग्य होणार नाही. तथापि पाऊण शतकाच्या अंतराने केलेल्या दोन पाहण्यांचे निष्कर्ष इतके निकट यावेत, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

अशा पाहण्यांचा अर्थ लावताना संशोधकाने आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. तपासणीच्या दिवशी हजेरीपटावर असलेल्या कामगारांचीच गणना केली, तर जे आजारामुळे पूर्वीच काम सोडून गेले किंवा मरण पावले ते हिशेबातून निसटतात. कामावर टिकलेले कामगार हे स्वभावतःच तुलनेने धडधाकट असतात. त्यामुळे अशा पाहणीतून मिळणारे प्रमाण वास्तवापेक्षा कमी असण्याचा संभव अधिक. काळाच्या अंतराचा हा संशोधनावर होणारा परिणाम होय.

निदानाच्या बाबतीतही हेच अंतर आड येते. धाप, खोकला व वजनातील घट ही लक्षणे क्षयरोगातही आढळतात. क्षय सर्वत्र पसरलेल्या देशात डॉक्टरचे लक्ष प्रथम तिकडेच जाणे स्वाभाविक आहे. इटालियन वैद्य रामाझिनी याने १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, रोग्यास विचारावयाच्या प्रश्नांत 'तुझा व्यवसाय कोणता?' या प्रश्नाची भर घातली. तीन शतकांनंतरही हा प्रश्न प्रत्येक दवाखान्यात विचारला जातोच असे नाही. आणि विचारला गेला तरी उत्तर सध्याच्या व्यवसायाचे मिळते, वीस वर्षांपूर्वीच्या नव्हे. निवृत्तीनंतर घरी बसलेला किंवा सातारा-रत्नागिरीकडील आपल्या गावी परतलेला कामगार तालुक्याच्या डॉक्टरकडे जातो, तेव्हा त्याच्या छातीचा इतिहास घाटकोपरातच राहिलेला असतो.

कायद्याने या रोगाची दखल घेतली नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या व १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याच्या परिशिष्टांत ॲस्बेस्टॉसिसचा व्यवसायजन्य रोग म्हणून समावेश झाला. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने तो सूचनीय रोगांत घालून त्याची वर्दी देण्याचे बंधन कारखान्याच्या व्यवस्थापकावर आणि रोग्यास तपासणाऱ्या डॉक्टरवर घातले. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, या कायद्यात घातक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. पुढे फॅक्टरी कायद्याचा विषय २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेत समाविष्ट करण्यात आला. परंतु वर्दीवर आधारलेल्या कोणत्याही व्यवस्थेची मर्यादा उघड आहे : ज्या रोगाचे निदान होत नाही, त्याची वर्दी दिली जात नाही, आणि ज्याची वर्दी नाही, तो सरकारी कोष्टकात अस्तित्वातच नसतो. कोष्टकातील शून्य हे आरोग्याचे लक्षण नसून तपासणीच्या अभावाचेही असू शकते.

या दृष्टीने सर्वोच्च न्यायालयाचा २७ जानेवारी १९९५ चा निर्णय विशेष अभ्यसनीय आहे. ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने ॲस्बेस्टॉस-कामगारांच्या संरक्षणासाठी केलेल्या याचिकेवर निकाल देताना न्यायालयाने कामगाराच्या आरोग्याचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. त्याबरोबरच प्रत्येक ॲस्बेस्टॉस-कामगाराच्या आरोग्याची नोंद, नोकरीच्या प्रारंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तीपर्यंत जपून ठेवण्याचा आदेश दिला. रोगग्रस्त ठरणाऱ्या कामगारास एक लाख रुपये भरपाई देण्याचीही तरतूद केली. यांतील भरपाईची रक्कम लोकांच्या ध्यानात अधिक राहिली. परंतु तत्त्वतः नोंदींची मुदत हीच या निर्णयातील अधिक मूलगामी गोष्ट होय. रोग ज्या गतीने प्रकट होतो, त्या गतीशी कारभाराची स्मरणशक्ती जुळवून घेण्याचा हा प्रयत्न होता.

तथापि नोंद जपण्यासाठी ती प्रथम केलेली असावी लागते. ठेकेदाराकडून आलेल्या कामगाराचे नाव मुख्य नोंदवहीत नसण्याची शक्यता असते. घरी आणलेले धुळीने माखलेले कपडे धुणाऱ्या पत्नीचे नाव तर कोणत्याच नोंदवहीत नसते, जरी तिच्या फुप्फुसांत तेच तंतू गेलेले असले तरी. कारखाना बंद झाला किंवा स्थलांतरित झाला, तर हजेरीपट, क्ष-किरणचित्रे व हवेच्या मापनाचे तक्ते कोणाच्या ताब्यात राहावेत, हा प्रश्न केवळ मालकाच्या सद्भावनेवर सोडता येणार नाही. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात हा प्रश्न काल्पनिक नाही. तेथील अनेक कारखान्यांच्या जागी आज निवासी मनोरे व विक्रीसंकुले उभी आहेत. जमिनीचा उपयोग बदलला, परंतु तेथे श्वासावाटे आत घेतलेली धूळ मनुष्यांच्या देहांतून तशी हलविता येत नाही.

शिवाय हा विषय केवळ भूतकाळाचाही नव्हे. साठांहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली असली, तरी भारतात श्वेत ॲस्बेस्टॉसच्या वापरावर संपूर्ण बंदी नाही. मुख्यत्वे सिमेंटच्या पत्र्यांसाठी ते आयात होत असते. जुन्या शेडचे पत्रे फोडणारा पाडकामावरील मजूर आज त्याच तंतूंच्या सान्निध्यात येतो, आणि त्याची नोकरी बहुधा काही दिवसांपुरतीच असल्यामुळे त्याच्याविषयीची नोंद राहण्याची शक्यता आणखी कमी.

व्यवसायजन्य रोगाचा प्रश्न हा अंतिमतः स्मृतीचा प्रश्न आहे. शरीर वीस वर्षांपूर्वीचे काम विसरत नाही. विसरतात त्या संस्था. म्हणून कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास विद्यमान हजेरीपटावर थांबवून भागणार नाही. निवृत्त कामगारांचा शोध, त्यांच्या कामाचा खातेवार व वर्षवार इतिहास, कुटुंबीयांची तपासणी आणि बंद कारखान्यांच्या दप्तराचे जतन ही त्याची आवश्यक अंगे आहेत. यांतील बरेचसे कार्य विद्यापीठाच्या विभागांना व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना करता येण्याजोगे आहे. घाटकोपरच्या जुन्या कामगारांपैकी जे आज हयात आहेत, त्यांच्या मुलाखतींना मात्र फार काळ थांबता येणार नाही.