कुलूप निघाले तेवढ्यात

लग्नघरात कोठीची किल्ली एकाच्याच हाती असते, ती उगीच नव्हे. पंगतीला वीस पाने कमी आहेत हे पाहून एक जण ती आणायला जातो. तेवढ्यात दुसऱ्यालाही तीच उणीव दिसते आणि तो वीस पाने मांडतो. पहिला परत येतो आणि पुन्हा न मोजता आपलीही वीस मांडतो. एकेकट्याने पाहिले तर दोघेही बरोबर, पण हिशेब चुकलेला. संगणकशास्त्रात या दोषाला ‘रेस कंडिशन’ म्हणतात.

असाच दोष आर्म कंपनीच्या ‘माली’ या ग्राफिक्स प्रोसेसरच्या ड्रायव्हरमध्ये सापडला. त्याची नोंद सीव्हीई-२०२३-६२४१ अशी आहे. पडद्यावर चित्र उमटवायचे तर साध्यात साध्या अ‍ॅपलाही या ड्रायव्हरपर्यंत पोहोचावे लागते. तो स्वतः मात्र कर्नेलमध्ये, म्हणजे फोनच्या सर्वाधिकारी गाभ्यात चालतो.

संगणकाची मेमरीही ‘पानां’नीच मोजतात. ग्राफिक्सच्या कामाला किती पाने कमी पडतात, हे ड्रायव्हर कुलूप लावून मोजत असे. पण नवी पाने मिळवताना ते कुलूप क्षणभर काढत असे. नेमक्या त्याच क्षणी ग्राफिक्स प्रोसेसरने अजून न मिळालेल्या पानाला हात घातला, की दुसरी यंत्रणा तिथे पाने वाढवून मोकळी होई. ड्रायव्हर मात्र जुनाच आकडा धरून पुढे जाई. या चुकलेल्या हिशेबाचा फायदा घेऊन, कर्नेलला परत गेलेली पाने ग्राफिक्स प्रोसेसरच्या नकाशात तशीच ठेवता येत. पुढे कर्नेलने ती आपल्या कामाला घेतली, की घातक अ‍ॅप त्यांत हवे ते लिहू शके आणि अख्ख्या फोनचा ताबा मिळवू शके.

पिक्सेल ८ या फोनमध्ये अशा हल्ल्यांविरुद्ध ‘मेमरी टॅगिंग’ची सोय आहे. मेमरीच्या दर १६ बाइटना ४ बिटांची खूण असते. पत्त्यावरची खूण तिच्याशी जुळली नाही, तर चूक लगेच पकडली जाते. पण हा पहारा मुख्य प्रोसेसरच्या वाटेवर आहे. ग्राफिक्स प्रोसेसर दुसऱ्याच दाराने आत येतो. दोष शोधणाऱ्या गिटहबच्या संशोधकाने हा पहारा चालू असलेल्या पिक्सेल ८ वरच हल्ला यशस्वी करून दाखवला.

आर्मला हा दोष १५ नोव्हेंबर २०२३ रोजी कळवला गेला. १४ डिसेंबरला दुरुस्त ड्रायव्हर जाहीर झाला. अँड्रॉइडच्या सुरक्षा अपडेटमध्ये तो आला मार्च २०२४ मध्ये. मधल्या काळात जुना आणि नवा ड्रायव्हर शेजारी ठेवून पाहणाऱ्या जाणकाराला दोष कुठे होता हे ओळखता येत होते. दुरुस्ती जाहीर होणे आणि ती आपल्या फोनवर पोहोचणे, यांच्यातही अशी एक शर्यत असते. तिचा शेवटचा टप्पा आपल्या हातात असतो. म्हणून अपडेटची सूचना ‘नंतर’ म्हणून ढकलू नये, आणि नवा फोन घेताना कॅमेऱ्याइतकीच सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार याचीही चौकशी करावी.