चिपवरचा ट्रान्सफॉर्मर

कार्यक्षेत्र : मिलिमीटर लहरी, म्हणजे ३० ते ३०० गिगाहर्ट्झ, तरंगलांबी १० ते १ मिलिमीटर.

रचना : लोखंडी गाभा नाही. धातूची दोन वेटोळी, बहुधा एकेकाच वेढ्याची, चिपच्या वरच्या जाड थरांत. एकावर एक ठेवली तर जोड घट्ट, पण त्यांच्यातला कपॅसिटन्सही जास्त. शेजारी-शेजारी ठेवली तर दोन्ही कमी.

काम : अँटेनाकडचा ५० ओहमचा भार ट्रान्झिस्टरला सोसेल असा करून दाखवणे. शिवाय डीसी अडवणे, विरुद्ध कलांचे दोन संकेत एकत्र आणणे.

गळती : ६० गिगाहर्ट्झला प्रवाह मुख्यतः तांब्याच्या पृष्ठभागालगत वाहतो, त्वचा-खोली सुमारे ०.२७ मायक्रॉन. खालचे सिलिकॉनही ऊर्जा खाते. १ डेसिबल घट म्हणजे सुमारे २० टक्के शक्ती वाया, तीही अँटेनाच्या उंबरठ्यावर.