कॉसमॉस बँकेवरील सायबर हल्ला (२०१८) : तर्क, षड्यंत्र सिद्धांत आणि पुरावा

प्रस्तावना

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकीय यंत्रणेत शिरकाव करून ९४ कोटी ४२ लाख रुपये लांबविण्यात आले. १९०६ साली स्थापन झालेल्या या बँकेचे मुख्यालय गणेशखिंड रस्त्यावर आहे. तेथून काही किलोमीटरवर पिंपळे गुरव, सांगवी, भोसरी ही उपनगरे आहेत. भोसरी-चाकण पट्ट्यातील कारखाने आणि हिंजवडीतील माहिती तंत्रज्ञान कंपन्या यांत काम करणारी असंख्य कुटुंबे तेथे राहतात. अशा कुटुंबांची बचत आणि त्यांच्या गृहनिर्माण संस्थांचे निधी मोठ्या प्रमाणावर सहकारी बँकांमध्येच असतात. त्यामुळे या घटनेनंतर दोन प्रश्न स्वाभाविकपणे पुढे आले. आपला पैसा सुरक्षित आहे काय, हा पहिला. आतल्या कोणाच्या मदतीशिवाय हे घडेल काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नियमांत शोधता येते. दुसऱ्यातून मात्र तर्क आणि षड्यंत्र सिद्धांत जन्म घेतात. प्रस्तुत लेखात या तर्कांचे स्वरूप तपासून, उपलब्ध पुराव्याच्या कसोटीवर ते कितपत टिकतात याचा विचार केला आहे.

घटनाक्रम

हल्ला दोन टप्प्यांत झाला. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८ रोजी दुपारनंतरच्या काही तासांत २८ देशांतील एटीएम यंत्रांमधून बनावट व्हिसा कार्डांच्या साहाय्याने सुमारे १२,००० व्यवहार होऊन ७८ कोटी रुपये काढले गेले. त्याच काळात भारतात रुपे कार्डांद्वारे सुमारे २,८०० व्यवहारांत अडीच कोटी रुपये काढण्यात आले. सोमवार, १३ ऑगस्ट रोजी स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश यंत्रणेतून हाँगकाँगच्या हँगसेंग बँकेतील एका व्यापारी कंपनीच्या खात्यावर १३ कोटी ९२ लाख रुपये पाठविले गेले. या तिन्ही रकमांची बेरीज ९४ कोटी ४२ लाख होते. बँकेने चतुःशृंगी पोलीस ठाण्यात फिर्याद दिली, तसेच एटीएम व इंटरनेट बँकिंग सेवा काही काळ बंद ठेवल्या.

तांत्रिक स्वरूप

एटीएममध्ये कार्ड घातल्यावर रक्कम देण्यास परवानगी मागणारा संदेश 'स्विच' नावाच्या मध्यस्थ यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे (कोअर बँकिंग) जातो. मुख्य प्रणाली खात्यातील शिल्लक तपासते आणि होकार किंवा नकार कळविते. कॉसमॉसच्या प्रकरणात घातक संगणक प्रणालीच्या आधारे एक बनावट स्विच उभारण्यात आला. परवानगीची विनंती मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच हा बनावट स्विच तिला होकार देत असे. पहारेकऱ्याच्या जागी तोतया उभा राहावा आणि वाड्यातील धन्याला त्याचा पत्ताही लागू नये, तसा हा प्रकार होता.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. ठेवीदारांच्या खात्यांतील शिलकेतून ही रक्कम वजा झाली नाही. झळ बँकेला लागली. दुसरे असे की, रोकड काढण्यासाठी प्रत्यक्ष माणसे यंत्रांसमोर उभी राहावी लागली. भारतातील रुपे व्यवहारांची सरासरी काढली असता ती प्रत्येकी नऊ हजार रुपयांच्या आसपास येते. यंत्रातून एका वेळी किती नोटा मिळतात, या मर्यादेशी हा आकडा सुसंगत आहे. म्हणजे आभासी वाटणाऱ्या या गुन्ह्याचे एक टोक अगदी साध्या, हाताने केलेल्या कामात होते.

प्रमुख तर्क आणि त्यांचे परीक्षण

(अ) आतल्या माणसाचा तर्क : ऐन सुटीचा दिवस गाठला गेला, तेव्हा माहिती आतूनच गेली असणार, असा हा युक्तिवाद. ११ ऑगस्ट हा महिन्याचा दुसरा शनिवार होता. सप्टेंबर २०१५ पासून देशातील बँका दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बंद असतात, ही गोष्ट कोणत्याही दिनदर्शिकेत सापडते. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेच्या न्यूयॉर्क येथील खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर पळविले गेले, तेव्हाही गुरुवारची रात्र निवडण्यात आली होती. कारण त्या देशात शुक्रवार-शनिवार सुटी असते. सुटीचा लाभ घेणे ही अशा टोळ्यांची पद्धतच आहे. त्यामुळे वेळेच्या निवडीवरून आतल्या माणसाचा सहभाग सिद्ध होत नाही. तो अशक्य आहे, असेही यातून सिद्ध होत नाही. मात्र त्यासाठी स्वतंत्र पुरावा लागतो.

(आ) पूर्वसूचनेचा तर्क : अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने १० ऑगस्ट २०१८ रोजी, म्हणजे आदल्याच दिवशी, जगभरातील एटीएममधून एकाच वेळी रोकड काढण्याचा कट शिजत असल्याचा गोपनीय इशारा बँकांना दिला होता. यावरून 'सर्वांना आधीच ठाऊक होते' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तथापि तो इशारा सर्वसाधारण स्वरूपाचा होता. वादळाचा इशारा देणाऱ्या वेधशाळेने वादळ घडवून आणले असे कोणी म्हणत नाही. मात्र असा इशारा सहकारी बँकांपर्यंत वेळेत पोहोचण्याची व्यवस्था होती काय, हा प्रश्न रास्त आहे. षड्यंत्र सिद्धांताच्या गदारोळात नेमका असा रास्त प्रश्नच मागे पडतो.

(इ) परकीय राष्ट्राचा तर्क : आरंभीच्या बातम्यांत हल्ल्याचा उगम म्हणून कॅनडाचे नाव आले. पुढे सुरक्षा-तज्ज्ञांनी उत्तर कोरियाशी संबंधित 'लाझारस' गटाकडे बोट दाखविले. हे उत्तर काहींना सोयीस्कर पळवाट वाटू शकते, आणि त्याला पूर्वपीठिकाही आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये सोनी पिक्चर्स कंपनीवर हल्ला झाला. एफबीआयने डिसेंबरमध्ये उत्तर कोरियाला जबाबदार धरले, तेव्हा काही सुरक्षा-अभ्यासकांनी हे नाराज कर्मचाऱ्याचे कृत्य असल्याचे मत मांडले होते. उत्तर कोरियाने असे आरोप सातत्याने नाकारले आहेत. कॉसमॉसबाबत मात्र पुरावा क्रमाने साचत गेला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने मार्च २०१९ मधील अहवालात या हल्ल्याचा उत्तर कोरियाच्या कारवायांमध्ये समावेश केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने तीन उत्तर कोरियन व्यक्तींवरील आरोपपत्र जाहीर केले. त्याच वेळी एका कॅनडा-अमेरिकी नागरिकाची कबुलीही पुढे आली. २०१८ मधील एका भारतीय बँकेतील एटीएम लुटीच्या पैशाची विल्हेवाट लावण्यातही त्याचा हात होता.

(ई) 'सारे स्थानिकच' हा तर्क : कोल्हापूरसह देशातील काही शहरांत रोकड काढली गेल्याचे उघड झाले, तेव्हा हा तर्क बळावणे स्वाभाविक होते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ आरोपींना दोषी ठरविले. परंतु ही माणसे रोकड काढण्याच्या साखळीतील होती. यंत्रणेत शिरकाव करणारे, देशोदेशी समन्वय साधणारे आणि यंत्रासमोर उभे राहणारे असे या गुन्ह्याचे तीन थर होते. प्रत्येक तर्काने त्यांतील एक थर पकडला आणि तेच संपूर्ण सत्य मानले. परकीय हात आणि स्थानिक हात हे परस्परविरोधी पर्याय नव्हतेच. ते एकाच साखळीचे दुवे होते.

संशयाची सामाजिक मुळे

या तर्कांना केवळ अज्ञान म्हणून हिणवणे योग्य ठरणार नाही. पुण्यातील रुपी सहकारी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले होते. २०१८ साली तिचे ठेवीदार साडेपाच वर्षे आपल्याच पैशाची वाट पाहत होते. अखेर २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पिंपरीतील सेवा विकास सहकारी बँकेचा परवानाही रद्द करण्यात आला. ठेव विम्याचे संरक्षण २०१८ मध्ये अवघ्या एक लाख रुपयांपर्यंत होते. ते फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाले. अशा अनुभवातून गेलेल्या समाजाला बँकेचे एटीएम अचानक बंद दिसले, तर 'तंत्रज्ञानाचा बिघाड' या खुलाशापेक्षा 'काहीतरी लपविले जात आहे' ही शंका अधिक जवळची वाटते. ही शंका अनुभवाने शिकविलेली आहे.

अधिकृत माहितीची पोकळी हे दुसरे कारण. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत बँकेची चूक असल्यास ग्राहकावर दायित्व येत नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्येच सहकारी बँकांना लागू केला होता. हल्ल्यानंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आली. एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांच्या आत 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेला देणे बंधनकारक झाले. ही माहिती मात्र शासकीय यंत्रणेकडे जाते. ठेवीदाराला काय व केव्हा सांगावे, हा प्रश्न या निर्देशाच्या कक्षेत येत नाही. अफवेला नेमकी हीच जागा मिळते.

निष्कर्ष

शंका आणि षड्यंत्र सिद्धांत यांतील सीमारेषा आशयापेक्षा पद्धतीत असते. 'आतला कोणी सामील होता काय?' ही तपासता येण्याजोगी शंका आहे. 'पुरावा सापडत नाही, कारण तो दडपला आहे' असे म्हटले की ती शंका तपासाच्या कक्षेबाहेर जाते. मग तिला खोटे ठरविणारे काहीच शिल्लक राहत नाही. वाणिज्य, संगणकशास्त्र व समाजशास्त्राच्या अध्यापनात हे प्रकरण अभ्यासताना विद्यार्थ्यांपुढे तीन प्रश्न ठेवता येतील : हा दावा कोणत्या पुराव्याने खोटा ठरू शकेल? हीच वस्तुस्थिती अधिक साध्या रीतीने स्पष्ट होते काय? आणि या दाव्यामुळे कोणता रास्त प्रश्न झाकला जातो?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. हल्लेखोर कोण, यावरील चर्चा वर्षानुवर्षे चालू शकते. पण इशारा वेळेत का पोहोचला नाही, बनावट स्विच लगेच लक्षात का आला नाही आणि ठेवीदाराशी संवाद कोणी साधायचा, या प्रश्नांची उत्तरे येथेच द्यावी लागतील. पिंपळे गुरवमधील कामगाराच्या बचतीची सुरक्षितता याच उत्तरांवर अवलंबून आहे.