‘बॅकअप घेतला व्हता काय?’

टक... टक... टक...

हा आवाज भिंतीवरच्या घड्याळाचा असता तर किती बरं झालं असतं! पण तो माझ्या पोर्टेबल हार्ड डिस्कमधून येत होता. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, सकाळी दहाला लेख द्यायचा, आणि लॅपटॉप म्हणतोय की अशी कुठली डिस्क जोडलेलीच नाही. काढली, पुन्हा लावली. केबल बदलली. पोर्टमध्ये फुंकर मारली (हसू नका, सगळेच मारतात). टक, टक, टक. मग तेही बंद.

लेखाचं फारसं नव्हतं. लेख पुन्हा लिहिता येतो. संपादक चिडतात, आपण सॉरी म्हणतो, जग चालू राहतं. पण त्या डिस्कवर ‘आबा’ नावाचा एक फोल्डर होता.

आबा म्हणजे माझे आजोबा. अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये त्यांनी हयात काढली. कापसाची प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. रुईचा पुंजका चिमटीत धरून ओढायचे आणि धागा किती लांब, माल कसा, ते सांगून मोकळे. त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी चार दुपारी त्यांच्यासमोर रेकॉर्डर ठेवला होता. तीनेक तासांचं बोलणं, मागे कूलरची घरघर, मधूनच आत्याची ‘चहा मांडू काय?’ अशी हाक. नंतर रेकॉर्डरमध्ये जागा होईना, म्हणून फाइल्स डिस्कवर टाकल्या आणि रेकॉर्डर रिकामा केला. टेन्शन कशाला घ्यायचं, डिस्कवर आहे ना!

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मी अमरावतीच्या राजकमल चौकाजवळच्या एका रिपेअरवाल्याच्या दारात उभी. त्याने डिस्क कानाशी नेली, एकदाच जोडली, लगेच काढली.

“ताई, पडली व्हती काय?”

“नाही हो.”

“रात्री किती डाव चालू केली?”

“पंधरा-वीस वेळा...”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की शाळेत गृहपाठ विसरल्यावरसुद्धा मला इतकं ओशाळं वाटलं नव्हतं.

“बॅकअप घेतला व्हता काय?”

“हाच तर बॅकअप होता.”

“एकच हाय म्हन्ता ना? मंग थो बॅकअप नोहे.”

इतकी साधी गोष्ट. ‘बॅकअप’ असं लेबल लावलेली डिस्क कपाटात होती म्हणून मी वर्षानुवर्षं निर्धास्त होते. पण मी कॉपी केलीच नव्हती, सामान हलवलं होतं.

मग त्याने कागदावर चित्र काढून समजावलं. आत चकचकीत तबकड्या असतात, मिनिटाला ५,४०० वेळा फिरणाऱ्या. वाचणारं हेड तबकडीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगतं. आपला एक केस त्या फटीपुढे डोंगर! हेड बिघडलं की ते जागा शोधत पुढे-मागे आपटत राहतं, तोच टकटक आवाज. आणि आपण जितक्यांदा ‘बघू, आता लागते का’ म्हणून चालू करतो, तितक्यांदा ते तबकडीवर ओरखडे काढू शकतं. म्हणजे रात्री डिस्क वाचवायच्या धडपडीत मीच तिची वाट लावत होते. “फ्रीजमधी ठेवू नका बरं,” त्याने जाता जाता बजावलं. नेटवर वाचून लोक खरंच ठेवतात म्हणे! ती उघडायची तर धूळ नसलेली खोली लागते. “इथं उघडली तं उरलंसुरलं बी जाईन.” डिस्क कुरिअरने मोठ्या शहरात गेली. खर्चाचा आकडा ऐकून मी खुर्चीत बसले, तरी हो म्हटलं.

सातशे वर्षांपूर्वीचा क्रॅश

त्याच आठवड्यात मला रिद्धपूरला जायचं होतं. हे गाव अमरावती जिल्ह्यातच, मोर्शी तालुक्यात. मराठी भाषा विद्यापीठ इथे झालं, त्यावर काहीतरी लिहायचं होतं. डोक्यात मात्र एकच गोष्ट, डिस्क. आणि तिथे जी गोष्ट नव्याने ऐकली, ती शाळेत मार्कांपुरती वाचली होती.

मराठी गद्यातला आद्य ग्रंथ ‘लीळाचरित्र’ याच गावातला. १२७४ च्या सुमाराला चक्रधरस्वामी निघून गेले. मागे उरल्या लोकांच्या आठवणी. म्हाइंभटांनी त्या गोळा करायच्या ठरवल्या. ज्याने जे पाहिलं-ऐकलं त्याच्याकडून ते घ्यायचं, नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायचं, मग लिहायचं. (आमच्या धंद्यात याला आज फॅक्ट-चेक म्हणतात आणि ते करायला कुणाला वेळ नसतो.) आणि मग चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला खिलजीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथीच गेली. एवढ्या खटपटीने जमवलेला मजकूर, आणि मास्टर कॉपी गायब!

तरी लीळाचरित्र आज आपल्या हातात आहे. कारण ते लोकांच्या तोंडी होतं. ज्यांना पाठ होतं त्यांनी आठवून पुन्हा सांगितलं, पुन्हा लिहिलं गेलं. त्यात हिराइसांचं नाव आवर्जून घेतलं जातं, एक पाठ त्यांच्याच नावाने ओळखतात. अर्थात माणसांच्या डोक्यातून परत आलेला डेटा जसाच्या तसा कसा असणार? एका पाठात एखादी लीळा आहे, दुसऱ्यात नाही. तोच प्रसंग, शब्द वेगळे. म्हणून तर वि. भि. कोलत्यांना १९७८ च्या आवृत्तीसाठी वेगवेगळ्या पोथ्या पडताळत बसावं लागलं.

पुढची गंमत आपल्या पासवर्डवाल्या पिढीसाठी. महानुभावांनी नंतर आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहिले. एन्क्रिप्शनच की हो! पंथातल्या जाणकारांकडे किल्ली होती, पण बाहेरच्या जगाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या पोथ्या वाचताच येत नव्हत्या. राजवाडे, भावे अशा अभ्यासकांनी डोकं चालवलं तेव्हा कुठे कुलूप उघडलं. तुमच्या डिस्कचा पासवर्ड तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? घरी एका बंद पाकिटात तरी लिहून ठेवलाय?

आबांचे तीन पाठ

रिद्धपूरहून आले आणि शनिवारी थेट अकोल्याची एसटी पकडली. म्हटलं, आपणही म्हाइंभट होऊन पाहू.

आबांचा एक किस्सा मला हवाच होता, जिनिंगला आग लागली त्या रात्रीचा. आत्या म्हणाली, आबा धुरात शिरले आणि हिशेबाच्या वह्या घेऊन बाहेर आले, मालकाने पाठ थोपटली. काका हसायलाच लागले. म्हणे, वह्या कसल्या, डबा आणि छत्री घेऊन आले, आजीच्या भीतीने! शेजारच्या काकू म्हणाल्या की आबा त्या रात्री ड्यूटीवरच नव्हते, आग पाहायला सगळी गल्ली गेली होती तेव्हा तेही गेले. तीन माणसं, तीन पाठ. आबांनी स्वतः काय सांगितलं होतं, ते माझ्यासमोर सांगितलं होतं, आणि मला फक्त एवढंच आठवतं की शेवटी ते खूप हसले होते. ते कशावर हसले? ते त्या फाइलमध्ये होतं.

एक लॉटरी मात्र लागली. पुण्याच्या चुलत भावाच्या फोनमध्ये, गुड मॉर्निंगच्या गुलाबांच्या ढिगाखाली, अकरा मिनिटांची एक क्लिप निघाली. मीच कधीतरी आगाऊपणाने फॅमिली ग्रुपवर टाकली होती आणि शिव्या खाल्ल्या होत्या, ‘एवढं लांब कोण ऐकणार?’ आता तेवढीच आहे. आग नाही त्यात, रुईचा धागा कसा ओढायचा ते आहे.

असं वाचणं नशिबाचं असतं, आणि मोठमोठ्यांनाही तेच लागतं. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’ चालू असताना कुणीतरी चुकीची कमांड दिली आणि सिनेमाच्या फाइल्स भराभर उडायला लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालतच नव्हता, आणि ते कुणी तपासलंच नव्हतं. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंमुळे. बाळंतपणामुळे त्या घरून काम करत होत्या, म्हणून एक कॉपी त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर होती.

‘माझं सगळं क्लाउडवर आहे’ म्हणणाऱ्या मित्रमंडळींसाठीही थोडं. आपलं ऑर्कुट आठवतं? ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं आणि आपले स्क्रॅप गेले. मायस्पेसने २०१९ मध्ये कबूल केलं, की लोकांनी बारा वर्षांत चढवलेली गाणी सर्व्हर हलवताना गेली. दुसऱ्याच्या घरात ठेवलेलं सामान ते! शिवाय फोटो आपोआप सिंक होतात म्हणजे बॅकअप होतो असं नाही. गुगल फोटोजमध्ये सिंक चालू असेल आणि फोनवर त्याच अॅपमधून एखादा फोटो डिलीट केला, तर तो क्लाउडवरूनही जातो. फुकटच्या १५ जीबीत मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं आलं, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅप बॅकअपसुद्धा. जागा भरली की बॅकअप थांबतो, नोटिफिकेशन येतं, आणि आपण ते बाजूला सारतो.

आणि ऑफिसचा लॅपटॉप! त्यावर लग्नाचे फोटो ठेवणारे किमान चार जण मला माहीत आहेत. नोकरी सोडायच्या दिवशी आयटीवाला मशीन घेऊन जातो आणि फॉरमॅट मारतो. त्याचं काही चुकत नाही.

फंडा तसा सोपा आहे, फोटोग्राफर पीटर क्रोघ यांनी तो लोकप्रिय केला. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. माझ्यापुरतं त्याचं भाषांतर असं झालंय: एक लॅपटॉपवर, एक क्लाउडवर, एक डिस्क अकोल्याला आत्याच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी. अमरावतीत आग लागो, चोरी होवो, मधे शंभरेक किलोमीटर आहेत. पेनड्राइव्हवर भरवसा नाही. आणि दर तीन महिन्यांनी डिस्क जोडून चार-दोन फाइल्स खरोखर उघडून पाहायच्या. हे शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं, आणि पिक्सारमध्ये राहिलं होतं ते नेमकं हेच.

डिस्कचा निकाल महिन्याभराने आला. तबकडीवर ओरखडे होते, निम्म्याहून कमी डेटा निघाला. वाचलं काय, तर कॉलेजच्या चिखलदरा ट्रिपचे फोटो, तीन सिनेमे आणि माझे जुने बायोडेटा. ‘आबा’ फोल्डर नावासकट दिसतो. आतल्या चारही फाइल्स शून्य केबीच्या.

परवा आत्याचा फोन आला.

“काऊन वं, तुया त्या डबड्याले पाहाले येनार हायस का नाही? तीन महिने होऊन गेले.”

“रविवारी येते ना.”

“ये. आन् येतानी गिला वडा आनजो. काका आगीचं आनखी काही सांगून राह्यले, थेही लिहून घेजो.”