आचार आणि आशय : दोन संस्कृतींची तुलना करताना

दोन समाजांच्या चालीरीती शेजारी ठेवताच आपल्यातील न्यायाधीश जागा होतो. आपले ते उदात्त आणि परक्याचे ते उथळ, किंवा नेमके याच्या उलट, असा निकाल साक्षीपुराव्याआधीच तयार असतो. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या लष्करात राजधानी वसविली, तेव्हापासून हिंदीभाषी प्रदेशात नांदणाऱ्या आपल्या समाजाला तुलनेचा हा प्रश्न नवा नाही. आज आपली मुले-नातवंडे अमेरिकेत स्थायिक होत असल्याने तो पुन्हा दाराशी आला आहे.

प्रथम आतिथ्य पाहू. नायजेरियातील इग्बो समाजात पाहुण्यापुढे कोला नावाच्या झाडाचे बी ठेवतात. प्रार्थनेनंतर ते फोडून सर्वांना वाटतात. चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) या कादंबरीमुळे हा विधी जगास ठाऊक झाला. आपल्या पानसुपारीचे हे सख्खे भावंडच होय. अमेरिकेत मात्र वेळ ठरविल्याखेरीज सहसा कोणी कोणाकडे जात नाही. आपल्याला हा कोरडेपणा वाटतो. परंतु दुसऱ्याच्या वेळेचा मान राखणे हाही आदरच आहे. तेथे घरच्या माणसांचेही आभार मानतात. आपल्याकडे तसे केल्यास दुरावा वाटतो. आचार भिन्न असले तरी आशय समान असू शकतो, हा तुलनेचा पहिला धडा.

तथापि सर्वच आचार सारखे निर्दोष नसतात. संक्रांतीचे हळदीकुंकू मोठे लोभस. पण विधवेला त्यात परंपरेने स्थान नव्हते. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये विधवा झाल्या आणि १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या. तेथील स्त्रियांचे शिक्षण व संघटनशक्ती पाहून त्या प्रभावित झाल्या. १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन उघडले. विशेष हे की, त्या दिपून गेल्या नाहीत. कृष्णवर्णीयांविषयीचा भेदभाव आणि मूळ रहिवाशांवरील अन्याय यांवरही त्यांनी नेमके बोट ठेवले. आचारामुळे वंचित कोण राहते, हा त्यांचा निकष दोन्ही समाजांना सारखाच लागू होता.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण याला पूरक आहे. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. तेथील १८८५ च्या सुप्रसिद्ध छायाचित्रात त्या साडीतच दिसतात. वेष जपला, पण स्त्रीने समुद्र ओलांडू नये, वैद्यक शिकू नये, ही बंधने त्यांनी झुगारली. काय राखावे आणि काय सोडावे, याचा विवेक त्यांच्यापाशी होता.

उत्तर अमेरिकेत १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ कार्यरत आहे. तेथे अनेक ठिकाणी गणेशोत्सव तिथीऐवजी शनिवार-रविवारी साजरा होतो, याची खंत वाटण्याचे कारण नाही. तिथी हा आचार, एकत्र येणे हा आशय. १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद कुसुमावती देशपांडे यांनी भूषविले; त्या संमेलनाच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष ठरल्या. परंपरेत राहूनच परंपरेचे दार रुंद करता येते, याची ही आपल्याच नगरीतील साक्ष. परदेशी गेलेल्या पिढीने किती विधी पाळले यापेक्षा, आपल्या दारातून कोणाला परत पाठविले नाही ना, हे तिला विचारावे. आणि तोच प्रश्न आपणही आपल्याला विचारावा.