वीज पडलेल्या माणसाला हात लावा

मे संपत आला आणि दुपारी चारनंतर आभाळ भरलं, की आमच्या अपघात विभागात धास्ती असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी शेतातून तीन मजूर आणले. दोघं बोलत होते, तिसरा गेलेला होता. "तो पडल्यावर काय केलंत?" मी विचारलं. "साहेब, हात कोण लावणार? अंगात करंट होता ना!"

हा समज पक्का होण्यात आपल्या भाषेचाही हात असावा. आभाळातली आणि घरातली, दोन्हींना आपण वीजच म्हणतो. ते चूकही नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांनी सुचवलेला प्रयोग १७५२ मध्ये फ्रान्समधल्या मार्ली गावी झाला, उंच लोखंडी सळईतून ठिणग्या निघाल्या आणि दोन्ही एकच हे दिसलं. पण दोघींची वागणूक निराळी. घरातल्या तारेला चिकटलेल्या माणसातून प्रवाह वाहतच राहतो. मेन स्विच बंद केल्याशिवाय त्याला शिवू नये. आभाळातली वीज म्हणजे ठिणगी. थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं, तीच, फक्त अवाढव्य. ढगात बर्फाचे कण आणि बारीक गारा एकमेकांवर आपटून विद्युतभार वेगळे होतात. हवेला ते पेलवेनासे झाले, की जवळपास ३० हजार अँपिअरचा प्रवाह क्षणात जमिनीकडे धावतो. सेकंदभरात सगळं आटोपतं. माणसाच्या अंगात काहीही उरत नाही.

वेळ इतका थोडा, की बराचसा प्रवाह कातडीवरूनच निसटतो. म्हणून वीज पडलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण वाचतात. मरण येतं ते बहुधा हृदय थांबल्याने. गंमत अशी (गंमत म्हणवत नाही खरं तर), की थांबलेलं हृदय पुष्कळदा आपलं आपण सुरू होतं, पण मेंदूतलं श्वासाचं केंद्र बधिरच राहतं. श्वास नाही, म्हणून प्राणवायू नाही, म्हणून हृदय पुन्हा थांबतं. मधली काही मिनिटं आपल्या हातात असतात.

एरवीच्या अपघातात आपण विव्हळणाऱ्याकडे धावतो. इथे आधी निपचित पडलेल्याकडे जायचं. बाहुल्या विस्फारल्यात, पाय गार नि निळे पडलेत, एवढ्यावरून माणूस गेला असं धरू नका. झाडाखाली असाल तर आधी त्याला तिथून हलवा. कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोरात दाबा. दर ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्या. मदत येईपर्यंत थांबू नका. काही भागांत अशा माणसाला शेणात पुरतात. त्यात हीच मिनिटं जातात.

चालत-बोलत असलेल्यांनाही दवाखान्यात आणा. त्या दोघांपैकी एकाच्या पाठीवर नेच्याच्या पानासारखी लाल नक्षी उमटली होती. दुसऱ्या दिवशी ती नाहीशी झाली. कानाचा पडदा मात्र फाटलेला निघाला.