अंगण पाखरांचे आणि आजी-आजोबांचेही

सात रस्त्याच्या गजबजाटातून वाट काढत दवाखान्यात येणारे ज्येष्ठ रुग्ण गुडघेदुखीची, उडालेल्या झोपेची, मंदावलेल्या भुकेची तक्रार सांगतात. तपासणी आटोपली की मी एक प्रश्न हमखास विचारतो, ‘दिवसातून अंगणात किती वेळा जाता?’ एक आजी म्हणाल्या, ‘डॉक्टर, अंगणात आता आहे काय?’ त्या पडू नयेत म्हणून मुलाने सारे अंगण फरशीने झाकले होते. लिंबू, कढीपत्ता, जास्वंद गेली. त्यांच्यामागोमाग पाखरेही गेली. आजी पडल्या नाहीत, पण चालायच्या थांबल्या. चालणे थांबले की स्नायू क्षीण होतात, तोल ढळू लागतो आणि पडण्याचा धोका उलट वाढतो.

वाचकहो, वृद्धांची सुरक्षितता आणि पाखरांचा आसरा एकाच अंगणात नांदू शकतो. पक्ष्यांचे वेड सोलापूरला नवे नाही. शहराजवळच नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे. ‘पक्षीकोश’कार मारुती चितमपल्ली १९३२ साली येथेच जन्मले आणि जून २०२५ मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी, त्यांनी येथेच देह ठेवला. माळढोक आपल्या दारी येणार नाही. पण बुलबुल, शिंपी, शिंजीर खात्रीने येतील.

आरंभ वाटेपासून करावा. तीन फूट रुंद, पायरी नसलेली, खरखरीत शहाबादी फरशीची वाट आणि एका बाजूस आधाराचा कठडा असावा. वाटेच्या टोकाशी पाठ व हात असलेले बाक सावलीत ठेवावे. उरलेली माती मोकळी राहू द्यावी. वाटेलगत अडीच फूट उंचीचा विटांचा वाफा बांधल्यास कंबर न वाकवता काम करता येते. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीचाही हात तेथवर पोहोचतो.

झाडे आपल्या ओळखीचीच निवडावीत. जास्वंद आणि अडुळशाच्या फुलांतील मधासाठी शिंजीर येतो. लिंबू व कढीपत्त्यावर लिंबाळी फुलपाखरू अंडी घालते. त्याच्या अळ्या थोडी पाने खातील, ती खाऊ द्यावीत. कीटकनाशक फवारल्यास फुलपाखरू मिळत नाही आणि कढीपत्ता आमटीत घालण्याजोगा राहत नाही. कण्हेर मात्र टाळावी. तिचा प्रत्येक भाग विषारी असून तो हृदयाची गती बिघडवतो. घरात नातवंडे किंवा विस्मरणाचा आजार असलेली व्यक्ती असल्यास हे पथ्य कटाक्षाने पाळावे.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा मातीच्या उथळ परळातील पाणी पाखरांना जीवदान ठरते. परंतु साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात. म्हणून पाणी रोज ओतून द्यावे आणि परळ आतून घासून मगच पुन्हा भरावा.

धान्याचे ढीग टाकू नयेत. त्यावर कबुतरे जमतात, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ वारंवार श्वासात गेल्यास काहींच्या फुप्फुसांना सूज येते. दम्याच्या रुग्णांनी तर विशेष जपावे. दाराजवळ विटा, लाकडे यांचा ढिगारा नको. तेथे उंदीर आणि त्यांच्यामागे साप येतो. मातीत काम करताना हातमोजे घालावेत, धनुर्वाताची लस घेतलेली असावी आणि उन्हाळ्यात नऊच्या आत घरात परतावे.

रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. परळ आपण भरून ठेवू नका. ते काम आजी-आजोबांचे राहू द्या. आपण फक्त सोबत चाला. कोणीतरी आपली वाट पाहत आहे, ही भावना वृद्धाला अंथरुणातून उठवते.

त्या आजींच्या मुलाने भिंतीकडेची फरशी उखडून तेथे पुन्हा लिंबू लावले. आजींचे गुडघे अजूनही दुखतात. पण परवा त्या गुडघ्यांविषयी बोलल्याच नाहीत. शिंप्याने दोन पाने शिवून केलेल्या घरट्यात पिले किती, हेच त्यांनी मला सांगितले.